रॉकेटवर गोकुळचं नाव

शेंद्र्याच्या एका कारखान्यात खासगी रॉकेटच्या टाक्या बनतात. तिथला वेल्डर गोकुळ चाचणीत टाकी फुटून गेला. दाब भरलेल्या टाकीजवळ कुणी जायचं नाही, हा नियम शेडच्या दारावरच रंगवलेला आहे. पण उड्डाणाची तारीख तोंडावर आली होती. दाब सोडून पुन्हा भरायचा तर दिवस वाया गेला असता, म्हणून मॅनेजर अभयनं त्याला गळती बघायला तसंच आत पाठवलं.

तेरावं झाल्यावर अभय शाल घेऊन घरी आला. गोकुळचे वडील सांडू आणि बहीण तनुजा समोर बसले. तनुजाही त्याच कारखान्यात जुळणीच्या कामावर होती.

"काका, आम्ही रॉकेटवर गोकुळचं नाव लिहिणार आहोत," अभय म्हणाला. "अवकाशात जायचं म्हटलं की धोका आलाच. त्यानं बलिदान दिलं."

सांडूचे डोळे भरले. "लेकराचं नाव वर जाईल म्हणता?"

"त्यानं दिलं का तुम्ही घेतलं?" तनुजानं विचारलं.

"पोरी, घरी आलेल्या माणसाला असं बोलू नाय."

"बोलू द्या, बाबा. साहेब, माझ्या भावाला वर जायचं नव्हतं. त्याला संध्याकाळी घरी यायचं होतं. पुढची टाकी कधी भरताय?"

"सोमवारी."

"मधी भिंत बांधली? गळती बाहेरून बघायला आत कॅमेरा लावला?"

अभय शालीची घडी नीट करत राहिला. तनुजाची कानशिलं तापली. तिनं शाल उचलून त्याच्या हातात परत दिली.

सोमवारी टाकीत दाब भरला आणि पुन्हा कुठंतरी फुसफुसायला लागलं. अभयनं धोंडिबाला आत जायला सांगितलं. धोंडिबा गोकुळचा जोडीदार. तो निघाला, तर दारात तनुजा आडवी उभी.

"आधी दाब सोडा."

"बाजूला हो. नोकरी जाईल," अभय म्हणाला.

"जाऊ द्या. माणूस नाय जाणार."

धोंडिबानं हेल्मेट काढलं आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. मग एकेक करून सगळे कामगार तिथं येऊन बसले. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हललंही नाही. शेवटी अभयला दाब सोडावा लागला.

तनुजाला कामावरून काढलं. पण आता कुणीच आत जायला तयार होईना, म्हणून भिंत बांधावी लागली, कॅमेरे लावावे लागले, आणि उड्डाण काही महिने पुढं गेलं. सांडूनं स्वतः फोन करून सांगितलं, "माझ्या पोराचं नाव त्याच्यावर नको."

रॉकेट नीट उडालं. गावात सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं, टाळ्या वाजवल्या. तनुजानंही शेवटपर्यंत पाहिलं. तिचा राग तसूभर कमी झाला नाही.

"थांबूनबी उडालंच की, बाबा," ती म्हणाली. "मग तवाच का नाय थांबले?"

सांडू उठून गोठ्याकडं गेला.