मशीनची पत्रिका

एकोणीसशे एक्क्याण्णव साली शाहूपुरीत नेमिनाथशेठच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर पत्रिका काढत असे. माझी पदवी भौतिकशास्त्राची होती, पण दुकानात मला मशीन चालवता येतं एवढंच पुरे होतं. फ्लॉपी घालायची, जन्माची तारीख, वेळ आणि गाव टाकायचं. मग प्रिंटर करकरत कागद बाहेर ढकलायचा. ग्रह कुठे होते, हे तो प्रोग्राम बरोबर सांगत असे. त्याचा माणसाच्या संसाराशी काय संबंध, हे मला तिथे कुणी विचारलं नाही.

गिऱ्हाइकाला मी मात्र एक प्रश्न न चुकता विचारायची: जन्म मध्यरात्रीनंतरचा आहे का? आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. आई सांगते, पोर सोमवारी रात्री तीनला झाली. कॅलेंडरवर तेव्हा मंगळवार लागलेला असतो. हाताने पत्रिका मांडणारे गुरुजी हे धरूनच चालतात. मशीन विचारत नाही. सोमवारची तारीख टाकली की चंद्र एक नक्षत्र मागे जातो.

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी मी रजेवर होते. मुलगा उदयसिंह, तंत्रनिकेतनात शिकवायचा. गच्चीवर त्याने मला दुर्बिणींबद्दल विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. मला हे लग्न हवं होतं. असं काही मी त्याआधी मागितलं नव्हतं.

त्याच्या आईने, झुंबरबाईंनी, जाताना बाबांकडून माझी जन्मवेळ घेतली. बाबांनी घरात बोलतात तशीच सांगितली: सोमवारची तारीख, रात्री तीन. त्या तिथून थेट दुकानात गेल्या. शेठनी स्वतः आकडे टाकले.

दुसऱ्या दिवशी दोघं मायलेक परत आली. झुंबरबाई चपला न काढता उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"गणपतराव, पोरगी मूळ नक्षत्राची हाय. माझ्या मालकांच्या जिवावर उठणारी सून मला नको."

"गुरुजींनी पूर्वाषाढा लिहिलंय की हो," बाबा म्हणाले.

"गुरुजी तुमचंच. हे मशीननं काढलंय."

मी बाहेर येऊन तारखेची चूक समजावून सांगितली. दुकानात चला, समोर काढून दाखवते, म्हणाले. आम्ही चौघं गेलो. मी मंगळवारची तारीख टाकली. पूर्वाषाढा आलं.

झुंबरबाईंनी कागदाकडे बघितलंच नाही. "कालचं मशीन खोटं आणि आजचं खरं, व्हय? आज बोटं कुणाची हुती त्याच्यावर?"

शेठ हसले. दुकानात बसलेलं एक गिऱ्हाईकही हसलं.

मी उदयसिंहकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. मी वार सांगत असतानाच त्याने मान हलवली होती. आता तो प्रिंटरच्या वायरीकडे बघत होता.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

"आईला पटायला पाहिजे," तो म्हणाला.

"पटलं न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "ती पाणी घेऊन आलेली धाकटी, तिचं कुठं ठरलंय का?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्षाराणी. बारावी झालीया. ठरलं न्हाय अजून." मग पुढे म्हणाले, "तिचा जन्म भर दुपारचा हाय. तारखेचा घोळच न्हाय."

"मग काढ की गं तिची," झुंबरबाई मला म्हणाल्या. "बसलीच हैस तर."

मी बाबांच्या बोलण्याची वाट पाहिली. त्यांनी वर्षाराणीची जन्मतारीख सांगितली.

एक आकडा बदलला असता तरी कुणाला कळलं नसतं. मग झुंबरबाई माझ्या बोटांबद्दल जे बोलल्या, ते मात्र खरं ठरलं असतं. मी तारीख टाकली. पुढचं बटण दाबणार इतक्यात उदयसिंह माझ्या खांद्यावरून वाकला. त्याने पडद्यावरचा दिवस, महिना, साल एकेक करून वाचलं आणि बाबांना विचारलं, "हेच ना?"

"हेच," बाबा म्हणाले.

"हं, काढा आता," तो मला म्हणाला.

कागद बाहेर आला. कडेची भोकांची पट्टी मी नेहमीसारखी फाडली आणि तो त्याच्या हातात दिला.

"कशी हाय गं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले. ती चांगलीच होती.