दोन अंश मागे

"डॉक्टर, तुमचं इंजिन पास झालं," मॅडम स्क्रीन त्यांच्याकडे वळवत म्हणाल्या. "धूर अर्ध्यावर आलाय. ताकद किंचित उतरली, ती उतरणारच. पण नायट्रोजनचे वायू बघा. इतके खाली कुणालाच मिळाले नाहीत."

डॉक्टर म्हणजे चाचणी प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते दुखणं सांगत, म्हणून हे नाव. या इंधनावर संशोधन करणाऱ्या, खरीखुरी पीएच.डी. केलेल्या मॅडमही त्यांना याच नावाने हाक मारत. एकोणतीस वर्षांत आपला कान एकदाही चुकला नाही, असं ते स्वतःच सांगत.

पण गेला आठवडाभर त्यांची मती गुंग झाली होती. डिझेलमध्ये पंधरा टक्के अल्कोहोल मिसळलेलं. आजारी इंजिन ठोकतं आणि काळा धूर ओकतं, एवढं त्यांना ठाऊक. हे ठोकत होतं, पण धूर नावालाच. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दारू पोटात गेल्यावर कुणी गप्प बसतं का?"

शेवटी सोमवारी त्यांना राहवलं नाही. त्यांनी इंधनाच्या पंपाचे बोल्ट सैल केले आणि टायमिंग, म्हणजे इंधन फवारण्याची वेळ, दोन अंश मागे घेतलं. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. हे कुणाला सांगायला हवं, असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं.

"साधं डिझेल आणि हे मिश्रण, दोन्ही इंधनांना सेटिंग तंतोतंत तेच होतं, हे मी अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "उद्या समितीपुढे ठेवायचाय."

डॉक्टरांनी पुन्हा स्क्रीनवरचे आकडे पाहिले. टायमिंग मागे घेतलं की नायट्रोजनचे वायू उतरतात, हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवलं होतं. मग हे वायू उतरवले कुणी, अल्कोहोलनं की आपल्या पान्यानं? त्यांना काही सुधरेना. गप्प बसलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. मॅडमची तीन वर्षांची मेहनत तरली असती आणि आपलं नावही राहिलं असतं.

"मॅडम, सेटिंग तेच नाहीये."

"म्हणजे?"

"मी फिरवलं. सोमवारी, दोन अंश मागे. फार ठोकत होतं हो."

मॅडमनी अहवालाची पहिली ओळ खोडली. "ते ठोकणारच, डॉक्टर. अल्कोहोलमुळे पेट घ्यायला उशीर होतो, मग सगळं एकदम पेटतं. तेच तर मोजायचं होतं आपल्याला."

"मला वाटलं, दुखतंय त्याला."

त्या चिडल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. "समितीचं मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या. "आपण पहिल्यापासून घेऊ."

डॉक्टरांनी टायमिंग होतं तिथे आणलं, बोल्ट आवळले आणि त्यांच्यावर लाल रंगाची रेघ ओढली. पुन्हा कुणी हात लावला तर रेघ तुटलेली दिसेल. कुणी म्हणजे कोण, ते दोघांनाही माहीत होतं.

इंजिन सुरू झालं आणि पहिल्याच मिनिटाला ठोकू लागलं. डॉक्टरांनी हात पाठीमागे बांधले, आणि दुपार उलटेपर्यंत ते तसेच ऐकत उभे राहिले.