एवढंसं दव

“सोपी वाट म्हणे! माझ्या टाचांना विचारा कुणीतरी,” डिंफ्ना हेस्टरच्या कानाशी कुरकुरली. “आणि आज तरी सांगणार आहेस ना त्यांना? आखूड काडी तुझ्याच हाताला लागलीय.”

“सांगते गं. एकदा बेटावर पोचू दे.”

“फाटकापाशी म्हणालीस, भिंतीपाशी सांगते. भिंतीपाशी म्हणालीस, बेटावर. बेटावर गेलो की म्हणशील, स्वर्गात सांगते.”

हेस्टरनं वाकून बुटाची नाडी आवळली. डिंफ्नाचं म्हणणं खरं असलं की हेस्टरची नाडी नेहमीच सुटायची, आणि डिंफ्नाला त्याचा फार राग यायचा.

पुढे कॅप्टन मर्व्हिन काठी टेकत झपाझप चालले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, टोपी अगदी सरळ. खाडीच्या मुखाशी चाळीस वर्षं त्यांनी फेरीबोट चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर लोकांना चालवायला लागले. दर मंगळवारी, सकाळी साडेदहाला, चर्चच्या फाटकापासून. एकेकाळी या मंडळीत अकरा जण होते. त्यातले चार देवाघरी गेले, दोघी ऑस्ट्रेलियात लेकीकडे गेल्या, एकाला गोल्फ लागलं. आता उरले ते कॅप्टन, हेस्टर, डिंफ्ना, डिंफ्नाचा नवरा विल्बर्ट आणि त्यांचं कुत्रं. कुत्र्याचं नाव बिशप. पोट पुढे काढून सावकाश चालायचं, म्हणून.

ईस्टरपासून कॅप्टनना दिसेनासं झालं होतं.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. उजेड कळायचा, मोठं काही समोर आलं तर आकार कळायचा. पण तो आकार गाईचा की गाडीचा, हे ते अंदाजानं ठरवायचे, आणि अंदाज फार ठामपणे सांगायचे. जन्मभर कॅप्टन होते ना. एप्रिलात त्यांनी जुन्या बुरुजाचा सगळा इतिहास वाहनतळाकडे तोंड करून सांगितला. बुरूज मागे होता. मंडळी बुरुजाकडे पाठ करून पंचवीस मिनिटं एका पांढऱ्या व्हॅनकडे आदरानं पाहत उभी राहिली. मेमध्ये शेताच्या कोपऱ्यात काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला गवताचा गठ्ठा उभा होता, तो त्यांनी पाच हजार वर्षांपूर्वीचा उभा दगड म्हणून दाखवला. विल्बर्टनं गठ्ठ्याचा फोटो काढला. डिंफ्नानं विचारलं, “इथपर्यंत आणला कसा असेल हो त्या काळी?” आणि मग घरी जाऊन उशीत तोंड खुपसून हसली आणि थोडी रडली.

बोललं मात्र कुणीच नाही. खाडीच्या त्या काठावर कुणी कुणाला तोंडावर वाईट सांगत नाही. घराला आग लागली तरी “जरासं उबदार झालंय नाही?” म्हणतील. तिथलं सगळंच जरासं आणि एवढंसं. एवढंसं ऑपरेशन, एवढंसं वादळ, एवढीशी अंत्ययात्रा.

पण पुढच्या मंगळवारी बेलफास्टहून चर्चच्या तीस बायका येणार होत्या, कॅप्टनबरोबर बेटावर जायला. तेव्हा कुणीतरी सांगणं भागच होतं. मागच्या आठवड्यात चहाच्या दुकानात, कॅप्टन हात धुवायला गेलेले असताना, तिघांनी काड्या ओढल्या होत्या.

हेस्टरला भीती कॅप्टन चिडतील याची नव्हती. ते चिडणार नाहीत, याचीच होती. त्यांचा जुना सहकारी, बोटीवरचा मेट, त्याची नजर गेली तेव्हा त्यानं शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा कधी धक्क्यावर पाऊल टाकलं नाही. त्यावर कॅप्टन म्हणाले होते, “बरोबर केलं. दिसत नाही तर धक्क्यावर लुडबुडायचं कशाला?” बायको नोरा गेल्यापासून कॅप्टन आठवड्यातून दोनदाच दाढी करत, रविवारी आणि मंगळवारी. मंगळवार काढून घेतला तर उरलं काय? रविवारच. आणि चर्चमध्ये तर ते झोपतात.

बेटाकडे जाणारी वाट ओहोटीला उघडी पडायची. शेवाळलेले सपाट दगड, दोन्ही बाजूंना चिखल, चिखलात बगळे. कॅप्टनच्या पायांना ती पाठ होती. नजरेवाचूनही ते हेस्टरपेक्षा नीट चालले. वाटेतल्या खांबावर पंख पसरून वाळवत बसलेल्या पाणकावळ्याला त्यांनी टोपी उचलून म्हटलं, “नमस्कार फादर, आज लवकर?”

“लवकरच,” विल्बर्टनं फादरच्या वतीनं सांगितलं.

बेटावर जुना मठ. भिंतींची तीन वर्तुळं, एकात एक, आणि मनोऱ्याचा बुंधा. बाकीचा मनोरा कुठे गेला हे आजूबाजूच्या शेतांच्या दगडी बांधांना ठाऊक. मंडळी गवतावर बसली. अंड्या-कांद्याची सँडविचेस निघाली, थर्मास निघाला, आणि डिंफ्नानं केलेली ती पंधराची मिठाई निघाली: पंधरा बिस्किटं, पंधरा मार्शमेलो, पंधरा चेरी, आणि वरून खोबऱ्याचा कीस.

“चौदाच चेरी आहेत,” विल्बर्ट म्हणाला.

“तू मोजल्यास? मोजल्यास तू? एक तूच खाल्लीस आणि वर मोजतोस?”

हेस्टरनं घसा साफ केला. “कॅप्टन, मला एक सांगायचं होतं.”

“सांग की.”

“तुमचं... तुमचं स्वेटर छान आहे.”

डिंफ्नानं डोळे आभाळाकडे फिरवले.

तेवढ्यात हेस्टरची नजर खाडीकडे गेली. चिखलावर एक चकचकीत रेघ सरकत होती. घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. पाणी आपल्या वेळेवरच येत होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. भरती-ओहोटीचं ते पिवळं पुस्तक गावात सगळेच घेतात. वर्षानुवर्षं त्यातल्या वेळा हिवाळी घड्याळाच्या असत, आणि उन्हाळ्यात एक तास आपला आपण मिळवायचा, हे शाळेतली पोरंही जाणत. यंदा छापणाऱ्यांनीच तो तास मिळवला होता. पहिल्या पानावर तसं लिहिलंही होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. कॅप्टनना आकडे त्यांची भाची फोनवरून वाचून दाखवायची, आणि त्यांनी सवयीनं आणखी एक तास मिळवला असणार. हेस्टरला हे सकाळी फाटकापाशी कॅप्टननी परतायची वेळ सांगितली तेव्हाच लक्षात आलं होतं. पण “तास दोनदा मिळवलात” म्हणायचं, तर “पहिलं पान वाचलं नाहीत का” हेही म्हणावं लागलं असतं.

“निवांत बसा,” कॅप्टन म्हणाले. “दोन वाजेपर्यंत वाट कोरडी ठणठणीत.”

“दोनपर्यंत?” विल्बर्ट पाण्याकडे बघत म्हणाला. “म्हणजे... वेळ आहे तर.”

“पण गार वाटतंय नाही?” डिंफ्ना घाईघाईनं डबे भरायला लागली. “चालल्यावर ऊब येईल. चालूच या. आत्ता. लगेच.”

“माझ्या गुडघ्यालाही चालावंसंच वाटतंय,” हेस्टर म्हणाली. तिच्या गुडघ्याला असं कधीही वाटत नसे.

वाटेच्या तोंडाशी पाणी दगडांवर आलंच होतं, बोटभर. बिशपनं नाक लावलं, खाली बसला आणि हलेना. त्या सबंध मंडळीत स्पष्टवक्ता तेवढाच. विल्बर्टनं त्याला मुकाट्यानं काखोटीला मारलं.

कॅप्टननी पहिलं पाऊल टाकलं. चुबुक. ते क्षणभर थांबले.

“दव आहे वाटतं,” ते म्हणाले.

भर दुपारी एक वाजता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“एवढंसं दव,” विल्बर्ट म्हणाला.

“यंदा दव फारच,” डिंफ्ना म्हणाली.

आणि निघाले. शंभर पावलांवर दव घोट्यापर्यंत आलं. खांबावरचे फादर उडून गेले. दीडशे पावलांवर दव बुटांत शिरलं, आणि डिंफ्नानं स्कर्ट वर धरत हेस्टरच्या कानात म्हटलं, “तू बोलणार आहेस, की मी पोहायला शिकू?”

“डावीकडे बघा,” कॅप्टन पुढून म्हणाले, “किनाऱ्यावरचा तो किल्ला. नॉर्मन लोकांचा.” डावीकडे नुसती खाडी होती, दूर एक सील डोकं वर काढून मंडळींकडे पाहत होता.

“भव्य,” विल्बर्ट म्हणाला. बिशप त्याच्या खांद्यावरून सीलवर भुंकला.

पाणी पोटऱ्यांशी पोचलं. किनारा सत्तरेक पावलांवर होता. बुडणार कुणी नव्हतं, पण हेस्टरला एकदम त्या बेलफास्टच्या तीस बायका दिसल्या. रविवारचे बूट घालून ओळीनं पाण्यात उतरणाऱ्या, आणि एकेक जण म्हणणारी, किती छान दव. ती जागच्या जागी उभी राहिली.

“हेस्टर?” कॅप्टन वळले. “थांबलीस का?”

“कॅप्टन,” तिचा आवाज पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात वाढताना असायचा तसा निघाला, दोनशे पोरांना ऐकू जाईल असा. “हे दव नाही.”

 पाणी पोटऱ्यांना ढुशा देत राहिलं.

“माहीत आहे,” कॅप्टन म्हणाले. “चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यावर काढली, हेस्टर. दव मोज्यांत शिरत नाही. पण मी दव म्हणालो आणि तुम्ही तिघंही हो म्हणालात. मग माघार कशी घ्यायची?”

“तुम्ही माघार घ्यायची! आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल,” डिंफ्ना म्हणाली.

“आणि तो उभा दगड. मागच्या महिन्यात तुम्ही पुढे गेलात तेव्हा मी त्याला हात लावून पाहिला. हाताला प्लास्टिक लागलं. वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. मग मीही काही बोललो नाही.”

“फोटो चांगला आलाय,” विल्बर्ट हळूच म्हणाला.

“बोललं तर मंगळवारी तुम्ही याल की नाही, हाच प्रश्न होता,” हेस्टर म्हणाली. “वाट मी दाखवीन. पुस्तकाचं पहिलं पानही मीच वाचीन. गोष्टी तुम्ही सांगायच्या. फक्त कुठे तोंड करून उभं राहायचं, ते मी सांगीन. पण यायचं. दाढी करून.”

कॅप्टननी काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात पुढे केला, आणि तो हवेत जरा चुकला. हेस्टरनं तो धरला.

“बरं,” ते म्हणाले. मग टोपी सरळ केली, एकदा घसा खाकरला, आणि बोटीवरून हाकारा द्यावा तसं, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मला दिसत नाही.”