फरशीतली पितळी नळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी नळी आहे. लांबीला वीतभर, जाडीला तुमच्या करंगळीएवढी. लेथवर माझा जन्म झाला, डोक्यावर आट्यांचं झाकण बसलं आणि मी भलतीच तोऱ्यात आले. माझं कामही मानाचं होतं. जमिनीखालची हवा वर आणून द्यायची, म्हणजे तपासणारी माणसं ती मोजणार.

मला ज्या घरात बसवलं, तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता. पंप गेला, जमिनीतली टाकीही काढून नेली. पण ती गळकी होती आणि मातीने वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन ठेवलं होतं. त्या मातीवर आता एक सायकल दुरुस्तीवाला राहत होता. पुढे दुकान, मागे एक खोली. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. तिचं डोकं सतत दुखायचं, म्हणून त्यानेच तक्रार केली होती.

ती तक्रार ऐकून आलेल्या तपासनीस बाईंनी पलंगाशेजारी फरशीला भोक पाडलं, मला आत बसवलं, कडेने सिमेंट भरलं आणि झाकण आवळलं.

"हे कशासाठी हो, मॅडम?" त्याने विचारलं.

"जमिनीत पेट्रोलची वाफ साठलेली असते ना, ती इथून वर येते. मोजायला पुन्हा येऊ," बाई सामान आवरता आवरता म्हणाल्या. त्यांना पुढची घरं गाठायची होती. झाकण उघडू नका, एवढं सांगायचं राहूनच गेलं.

तो विचारात पडला. वाफ इथून येते, तर मग जाऊ दे की निघून! दुसऱ्या दिवशी त्याने पाना आणून माझं झाकण काढलं. मग रोज रात्री ते लावायचं आणि सकाळी दुकानात जाण्याआधी काढायचं, असं तो करू लागला. "चला, निघा आता," असं चिकट पाहुण्याला सांगावं तसं वाफेला सांगायचा. खिडकी उघडून जायचा, पण बायकोला गारठा सोसत नसे. ती लावून घ्यायची.

"बाळाला सांगेन हं," ती हसून म्हणायची, "तुझे बाबा सायकली सोडून जमिनीची हवा सोडत बसायचे!"

पण मित्रांनो, ती वाफ जात नव्हती. माझ्यातून थेट खोलीत येत होती, तिच्या उशाशी. मला वाचा असती तर मी घसा फाटेस्तोवर ओरडले असते.

एका दुपारी तिला घाईने दवाखान्यात नेलं. परत आली ती रिकाम्या हातांनी. शिवून ठेवलेली दुपटी त्याने ट्रंकेत तळाशी ठेवून दिली.

काही दिवसांनी तपासनीस बाई आल्या. तो त्यांच्यासाठी दुकानातून खुर्ची आणायला गेला.

"हे झाकण कोणी काढलं?"

"आमचे हे रोज काढतात. वाफ निघून जावी म्हणून," बायको म्हणाली.

बाईंनी पटकन झाकण आवळलं. "अहो, त्याने तर ती खोलीत येत होती! माझंच चुकलं. मी सांगायला हवं होतं."

बायकोने वाकून माझ्या झाकणावर बोट ठेवलं. "त्यामुळेच गेलं का माझं बाळ?"

"ते नक्की कोणीच सांगू शकणार नाही."

"मग यांना काही बोलू नका. ते सहन नाही करू शकणार."

तो खुर्ची घेऊन आत आला. "मॅडम, एक दिवस चुकवला नाही मी. फायदा झाला ना?"

बाई बॅगेत काहीतरी शोधू लागल्या. बायकोच म्हणाली, "झाला तर. तुम्ही होतात म्हणून एवढ्यावर निभावलं."

पुढे ते घर रिकामं करून माती उपसली. मला भंगारात टाकत होते, पण त्याने मला मागून घेतलं. आता त्याच्या नव्या दुकानात मी फळीवर असते. तो मला तेलाच्या फडक्याने पुसतो आणि आल्यागेल्याला दाखवतो, "हिने माझी बायको वाचवली." इतकं कौतुक माझं कधीच कोणी केलं नव्हतं, आणि ते मला ऐकवत नाही.

मित्रांनो, कोणाच्या घरात काही बसवाल, तर अर्धं सांगून निघू नका. उरलेलं अर्धं माणसं मायेपोटी स्वतःच ठरवतात. दोन मिनिटं थांबा, काय करायचं नाही तेही सांगा. आणि त्या दुकानात कधी आलात, त्याने मला तुमच्या हातात दिलं, तर नुसती मान डोलवा. त्याची बायको आत ऐकत असते.