गुरम्माची हरकत

नईमसाहेबांनी खिशातला छोटा चाकू काढला आणि कडुलिंबाची साल नखाएवढी खरवडली. आत ओलसर हिरवा रंग दिसला. महापालिकेच्या उद्यान विभागात निम्मं आयुष्य गेलेला हा माणूस. त्याला एवढं पुरलं.

"जिवंत आहे की हो झाड," ते पृथ्वीराजकडे वळून म्हणाले. "तुम्ही अर्जात वाळलेलं, धोकादायक असं लिहिलंय."

"ह्या बाजूनं बघा ना साहेब. एक पान नाही."

वैजयंती पृथ्वीराजच्या, आपल्या नवऱ्याच्या मागे उभी होती. बुंध्याला टेकवून विटांची थप्पी लावली होती, आणि तिकडे बघायचं नाही असं घरून ठरवून आलेली ती नेमकी तिकडेच बघत होती. विटांमागे बुंध्याला ड्रिलनं पाडलेली भोकं होती. फेब्रुवारीत पृथ्वीराजनं त्यांत हिंग आणि कसलंसं औषध भरलं, वरून चिखल लिंपला. चिखल तिनंच कालवून दिला होता.

होटगी रस्त्याचा हा प्लॉट घेताना झाड दोघांनाही आवडलं होतं. मग घराचा नकाशा झाला आणि झाड नेमकं हॉलच्या जागी आलं. एवढं जुनं झाड तोडायची परवानगी सहजासहजी मिळत नाही, मिळाली तरी त्याच्या वयाइतकी रोपं लावून जगवावी लागतात, त्यापेक्षा नकाशा बदला, असं आर्किटेक्टनं सांगितलं. नकाशा बदलला असता तर एक खोली गेली असती. एका खोलीसाठी एवढं सगळं! पण वाळलेल्या झाडाला कोण अडवतंय, असं कुणीतरी पृथ्वीराजच्या कानात भरवलं आणि त्यानं तेच डोक्यात घेतलं.

आधी तिला भीती होती ती पकडलं जाण्याची. दंड, केस, पृथ्वीराजची शाळेतली नोकरी. मग गेल्या आठवड्यात वारा सुटला आणि मांडीएवढी फांदी कडकन मोडून प्लॉटात पडली. मोडल्या जागी ओलीचा टिपूस नव्हता. कुणी बघायच्या आत पृथ्वीराजनं ती ओढून नेली. तेव्हापासून वैजयंतीला दुसरीच भीती लागली होती, कारण झाडाची सगळ्यात मोठी फांदी कुंपणापलीकडे गुरम्माच्या अंगणावर गेली होती, आणि तिच्या बरोब्बर खाली गुरम्माचं उखळ होतं.

गुरम्मा शेंगाची चटणी कुटून विकायची. उखळ दगडी, सासूच्या काळात जमिनीत पुरलेलं. ते उचलून दुसरीकडे न्यायची सोय नव्हती. सकाळी बसली की ऊन उतरेपर्यंत ती तिथून हलत नसे. वैजयंती समोरच्याच भाड्याच्या घरात राहायची. तिनं परोपरीनं सांगून पाहिलं.

"आक्का, ऊन किती वाढलंय. आत बसून मिक्सरवर करा की थोडे दिवस."

"मिक्सरची चटणी कोन खातंय, पोरी? आन् आत पत्रा तापतोय. हितं लिंबाची सावली हाय न्हवं."

सावली उरलीय कुठे, हे वैजयंतीच्या अगदी ओठावर यायचं आणि तिथंच राहायचं.

"शिवाय हरकतही आलीय," नईमसाहेब सांगत होते. "झाडावर नोटीस लावली होती ना, ती वाचून शेजारच्या बाईंनी घेतलीय. गुरम्मा कोण?"

"मी की." कुंपणापलीकडे गुरम्मा मुसळ घेऊनच उठली. "आंगठा न्हाई, सही केलीया. साहेब, झाड जित्तं हाय. आमच्या बाजूला बुंध्याला पालवी बी फुटलीया. कापू नगा. ह्येच्या सावलीत बसून मी पोट भरतीया."

साहेब हसले. "बरोबर आहे तुमचं, अम्मा. जिवंत झाडाला मी हात लावू देणार नाही." मग पृथ्वीराजला म्हणाले, "घर थोडं सरकवा. झाड राहू द्या." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ते लिहू लागले.

पृथ्वीराजनं वैजयंतीचा हात दाबला. "राहू दे," तो कुजबुजला. "पावसाळ्यानंतर परत अर्ज करू. तोवर पुरतं वाळेल."

"आणि तोवर आक्का?"

"काही होत नाही गं. तू गप्प राहा. केस झाली तर नोकरी जाईल माझी."

तोही घाबरलाच होता.

दुपार कलली होती. वळवाचा वारा उठला, प्लॉटातली धूळ भिरभिरत डोळ्यांत गेली. वर कुठेतरी लाकूड करकरलं. हरकत मान्य झाल्याच्या आनंदात गुरम्मा परत खाली बसली, तिनं मूठभर शेंगदाणे उखळात टाकले आणि मुसळ उचललं.

बोलायला धाडस लागेल असं वैजयंतीला वाटत आलं होतं. धाडस काही आलं नाही. भीती दोन होत्या, त्यातली एक मोठी झाली एवढंच. ती कुंपणाच्या फटीतून पळत आत शिरली आणि तिनं गुरम्माचा दंड धरून ओढलं.

"उठा आक्का! आधी इथून उठा!"

"अगं, चटणी सांडती की—"

"सांडू द्या!"

दारापर्यंत तिला फरफटतच नेऊन वैजयंती मागे वळली. "साहेब, ते झाड आतून मेलंय. आम्ही मारलंय. त्या विटा काढून बघा."

नईमसाहेबांनी स्वतःच विटा उतरवल्या, वाळका चिखल चाकूनं उकरला, भोकात बोट घालून वास घेतला.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी," वैजयंती म्हणाली.

त्यांनी लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली. ड्रायव्हरला अंगणाभोवती दोर बांधायला लावला आणि फोन करून फांदी आजच उतरवायला माणसं बोलावली. "तुमचं त्यानंतर बघतो," ते पृथ्वीराजकडे न बघता म्हणाले.

आता केस होईल, नोकरीचं काय होईल ते होईल, पण आक्का दारात उभी आहे. वैजयंतीला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. तिचा हात अजून गुरम्माच्या दंडावर होता.

गुरम्मानं तो बाजूला केला. ती वैजयंतीच्या तोंडाकडे बघत होती.

"उन्हाळाभर मी तितंच बसत हुते," ती म्हणाली. "तुला ठावं हुतं?"

वैजयंतीनं मानेनंच हो म्हटलं.

गुरम्मा उंबऱ्यावर बसली. तिला धरायला वैजयंती पुढे वाकली, तशी ती घाईघाईनं आत सरकली आणि तिनं दार लोटून घेतलं.