शनिवारचा तिसरा ग्लास

चिमीच्या करंगळीचं हाड मोडलं तेव्हा ती म्हणाली, कपाटाच्या दारात सापडली. मी विश्वास ठेवला. म्हणजे, ठेवायचं ठरवलं. चिमी माझी धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळतो, आणि ती बाई दारात बोट घालणार? पण ते दार खोटं आहे असं म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि मला तो विचारायचा नव्हता.

मी हॉटेलच्या बारमध्ये काम करतो. बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. लग्न केलं नाही, शनिवारी दुपारी सुटी, तेव्हा शनिवार म्हणजे चिमीचं घर हे ठरूनच गेलं होतं. पिशवीत पेयं घुसळायचा स्टीलचा शेकर, सरांसाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी, जिनची बाटली, लिंबं, पुदिना, काकडी, आणि टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. चौथ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर पँटवर पाणी ठिबकलेलं असायचं आणि दार उघडल्या उघडल्या चिमी म्हणायची, "काय रे दादा, या वयात?"

तिचा नवरा तलावावर पोहायला शिकवायचा. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणायचो. खांदे असे की दारातून आडवं व्हावं लागेल. पण पाण्याला भिणाऱ्या लहान पोरांना ते छातीशी धरून इतक्या हळू आवाजात बोलायचे की आया काठावर उभ्या राहून डोळे पुसायच्या. हे मी स्वतः पाहिलंय.

जेवण साधं असायचं. चिमीला रांधायचा कंटाळा. उकडलेले बटाटे जाड कापून लोण्यात परतायचे, वर मिरेपूड. अंडी फोडायची, पाव भाजायचा, कधी टोमॅटोचं सूप. ओट्याच्या एका टोकाला मी ग्लास भरायचो, दुसऱ्या टोकाला ती कांदा चिरायची, आणि आम्ही शाळेतल्या बाईंच्या नकला करायचो. सर सोफ्यावर पाय पसरून बसायचे. पहिल्या ग्लासाला हसायचे. दुसऱ्याला गप्प व्हायचे. तिसऱ्याला मारायचे, पण तोवर मी निघालेला असायचो.

माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा झालं ते अंड्यावरून. पिवळं फुटलं होतं, एवढंच. सरांनी ताटली उचलली आणि तिच्या तोंडावर फेकली. कड भुवईवर बसली. मी मधे पडलो, त्यांना कसंबसं आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. वळून पाहतो तर चिमी एका हाताने भुवई दाबून दुसऱ्या हाताने भिंतीवरचं अंडं पुसत होती.

"दारू बोलते रे," ती म्हणाली. "एरवी देवमाणूस आहे."

दुसऱ्या दिवशी सर माझ्या खोलीवर आले. डोळ्यांत पाणी. "तो मी नव्हतो हो दादा. मला काही आठवतच नाही. चढली की मी माझा राहत नाही."

हे वाक्य मी आठवड्यातून दहादा ऐकतो. तरी मला ते पटलं, आणि वर अपराधीही वाटलं. ग्लास तर मीच भरला होता.

पुढच्या शनिवारी मी गेलोच नाही. सरांनी स्वतः बाटली आणली. रविवारी चिमीने डोक्याला रुमाल बांधला होता, आणि तो सरकला तेव्हा कानामागची रुपयाएवढी जागा दिसली, केस मुळासकट उपटलेली.

"माझ्याकडे चल," मी म्हटलं.

"आणि लोकांना काय सांगू? दारू सुटली की सगळं सुटेल. तू येत जा बाबा. तू असलास की निदान मापात पितात."

माप माझ्या हातात होतं. घरी जाताना डोक्यात तेच घोळत राहिलं. जिन दिसायला पाण्यासारखी. ग्लासच्या काठावर जिनचं बोट फिरवायचं, वर लिंबाची साल पिळायची, की पहिल्या घोटाला नाकच जिभेला फसवतं. नको तितकी झालेल्या गिऱ्हाइकाला आम्ही असंच गोंजारून घरी पाठवतो. त्या शनिवारी मी जिनच्या बाटलीत घरूनच पाणी भरून नेलं. चिमीला सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही. तिच्या नि माझ्या ग्लासात नेहमीच लिंबू-सोडा असायचा, तेव्हा त्या घरात आता कुणीच पीत नव्हतं.

तिसऱ्या ग्लासाला सरांची जीभ जड झाली. उठताना टेबलावर आपटले. मला आतून हसू फुटत होतं. पाण्यावर झिंगलेला माणूस! त्या दिवशी नुसती शिवीगाळ झाली. मला वाटलं, जिंकलो.

त्याच्या पुढच्या शनिवारी सूप होतं. सर म्हणाले, कोमट आहे. चिमी म्हणाली, आत्ता तर उतरवलंय. त्यांनी तिचं डावं मनगट धरलं आणि हात पातेल्यात बुडवला. "बघ. आहे का गरम?"

ती ओरडली नाही. तोंड उघडलं होतं, आवाज येत नव्हता. मी पातेल्याला लाथ मारली, सूप आमच्या सगळ्यांच्या पायांवर आलं, तेव्हा कुठे त्यांनी सोडलं. नळाखाली तिच्या बोटांवरची कातडी मोज्यासारखी सरकली. दवाखान्यात ती डॉक्टरांना म्हणाली, हात घसरला. मी शेजारी उभा राहून मान हलवली.

आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मी काय म्हटलं स्वतःला? मी येण्याआधीच ढोसली असेल. कुठेतरी चोरून ठेवली असेल. नवरा पिऊन मारतो, याला जगात औषध आहे. शुद्धीत मारतो, याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं.

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी सकाळीच तलावावर जाऊन बसलो. सरांना क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत मागे गेलो. ते म्हणाले, "काय दादा, पहारा ठेवलाय का?" मी हसलो. बारा वाजता दोघं मिळून घरी आलो.

चिमीचा डावा हात कोपरापर्यंत बांधलेला. एकाच हाताने ती जाड लोखंडी तव्यावर बटाटे परतत होती. मी पहिला ग्लास दिला, दुसरा दिला. तिसरा देताना बर्फाचा खडा खाली पडला.

सरांनी तिसरा निम्मा संपवला. डोळे तारवटले. मान एका बाजूला कलली.

"मीठ कुठंय यात?" ते म्हणाले.

"घालते हं," म्हणून चिमी मिठाच्या बरणीकडे वळली. त्यांनी मागून तिचा अंबाडा धरला आणि तिचं कपाळ फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा. मग जरा मागे घेऊन, नेम धरून, पुन्हा. फ्रिजवरचा पंख्याचा रिमोट खाली पडला. चिमी घसरत जमिनीवर बसली. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून मागे खेचलं.

"सोडा दादा," ते बोबड्या जिभेने म्हणाले, "चढलीय मला. मी शुद्धीत नाही."

"सर, त्या ग्लासात थेंबभर दारू नाही."

"काय?"

"पाणी आहे. तीन शनिवार झाले, पाणीच देतोय तुम्हाला."

घरात फक्त तव्यावरची चरचर. सरांनी ग्लास उचलला, हुंगला, उरलेला घोट तोंडात फिरवला. चिमी खालून बघत होती. नाकातून रक्त ओठावर येत होतं, तिला भान नव्हतं. तिने हात पुढे केला. सरांनी, का कोण जाणे, ग्लास तिच्या हातात दिला. तिने तळाशी राहिलेलं जिभेवर घेतलं. मग बँडेज बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"तीन?" तिने मला विचारलं. "म्हणजे सूप त्यातच आलं?"

मी मान हलवली.

सर ताठ उभे राहिले. मान सरळ झाली, डोळे स्वच्छ झाले. इतकं झरझर की मला दरदरून घाम फुटला. ते दाराशी गेले, वरची कडी घातली, खालची घातली, आणि पोरांशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाले, "मग?"

पहिला ठोसा माझ्या तोंडावर बसला. दोन दात जिभेवर आले, मी ते थुंकलेही नाहीत, गिळले. दुसरा पोटात. बारमध्ये मी भांडणं पुष्कळ सोडवलीत, पण ती झिंगलेल्या माणसांची. त्यांचा एक हात नेहमी भिंत शोधत असतो. हा माणूस पूर्ण शुद्धीत होता आणि त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मी शेकर मारला त्याच्या कानशिलावर. त्याने तो हिसकावून माझ्याच गुडघ्यावर हाणला. मी पडलो तसा तो छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे माझ्या गळ्यात रुतवले.

"माझ्या घरात," तो म्हणत होता, "माझ्या घरात मलाच पाणी पाजतोस."

छत काळं व्हायला लागलं. कानात शिट्टी वाजत होती. तिच्या पलीकडून चिमीचा आवाज आला.

"अहो."

त्याने मागे पाहिलं नाही.

"अरे ए," ती म्हणाली. लग्नाच्या सोळा वर्षांत तिने त्याला अरे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानेही नसावं, कारण त्याची मान वळली.

तवा त्याच्या उजव्या कोपरावर बसला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. बटाटे आणि तापलेलं लोणी त्याच्या मानेवर सांडलं, थोडं माझ्या गालावरही. तो ओरडत बाजूला कोसळला. मी श्वास ओढत होतो, घशातून करवतीसारखा आवाज येत होता, आणि चिमीने तवा पुन्हा उचलला.

"मी प्यायलेली नाही," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर मारला. "ऐकतोयस ना? मी शुद्धीत आहे." बरगडीवर. "मला सगळं आठवणार आहे." पुन्हा बरगडीवर. तो आता हात वर करून रडत होता, "चिमे, नको, नको गं," आणि मला दिसलं की पुढचा फटका डोक्यावर जाणार. मी रांगत जाऊन तिच्या पायांना मिठी मारली. ती मलाही मारेल असं वाटलं. तवा हातात, रक्ताने माखलेलं तोंड, आणि ओळख नसलेली नजर. मग तिने तवा नीट गॅसवर ठेवला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उलटी केली. दार शेजाऱ्यांनी फोडलं.

हॉस्पिटलात पोलीस आले, तेव्हा सरांचं पहिलं वाक्य तेच: आम्ही सगळे प्यायलेलो होतो, मला काही आठवत नाही. डॉक्टरांनी तिघांचंही रक्त घेतलं. तिन्ही कागदांवर दारूच्या रकान्यात एकच शब्द आला: नाही. सरांच्या वकिलाने पुढे पुष्कळ खटपट केली, पण त्या कागदापुढे त्याचं काही चालेना. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. कोपर सरळ होत नाही असं ऐकतो. चिमीला न्यायाधीशांनी विचारलं, इतक्या वेळा का मारलंत? ती म्हणाली, "पहिला दादासाठी होता. बाकीचे माझे." तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला, पण न्यायाधीशांनी तिला जाऊ दिलं.

निकालाच्या दिवशी पायऱ्या उतरताना मी तिचा हात धरायला गेलो. तिने काढून घेतला.

"पाण्याच्या पहिल्या शनिवारनंतरच तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"खात्री नव्हती गं."

"माझा हात भाजल्यावर?"

मी जाणाऱ्या रिक्षाला हात केला.

"तुला खात्री करायची होती. माझ्यावर." एवढं बोलून ती रिक्षात बसली.

त्यानंतर तीन महिने तिने माझा फोन उचलला नाही. दुकानात परत रुजू झाली, दुसऱ्या भागात एक खोली घेतली, हे तिच्या मैत्रिणीकडून कळायचं. मी बारमध्ये जात होतो, नवे दात चावत नव्हते, आवाज कायमचा बसला तो बसलाच.

मग एका मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"पडद्याचा दांडा बसवायचाय. ड्रिल मशीन आहे का तुझ्याकडे?"

"आहे," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"अकरापर्यंत ये. आणि येताना काही आणू नकोस."

ड्रिल मशीन मी जन्मात हातात धरलेलं नव्हतं. चपला घातल्या आणि कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान उघडलंय का ते बघायला धावलो.