बारा वाजेपर्यंत कुणी बोलू नका

मसुदा नववा. त्यात एकच वाक्य:

"आजारी माणूस नातेवाईक असो वा नसो, एका घरात राहत असो वा नसो, तो कर्मचाऱ्याच्या मदतीवर विसंबून असेल तर कर्मचाऱ्याला शुश्रूषा रजा मिळेल."

एवढंच. याला सव्वा वर्ष लागलं.

१०:०२

कुणी बोलू नका. प्लीज. नऊ देशांतल्या नऊ शहरांनी आणखी दोन तास गप्प बसायचंय, बस.

आमच्याकडे मतदान नसतं. मसुदा पाठवायचा, वेळ सांगायची, आणि तोवर कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. म्हणून मी, या नऊ नगरपालिकांची समन्वयक मीनल, लंडनमध्ये ईलिंगच्या एका ड्रायक्लीनरच्या वरच्या खोलीत इनबॉक्सकडे बघत बसलेय. तो रिकामा राहावा म्हणून. वेबसाइट सांभाळणारा अंशुमन शेजारी बसून केळं खातोय, तेही आवाज न करता.

"श्वास घे," तो म्हणतो.

"तू बोलू नकोस."

"मी देश नाहीये गं."

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, पण शहरं एकमेकांशी बोलायची थांबली नाहीत. आम्ही त्यांचे रजेचे नियम शेजारी शेजारी ठेवतो आणि जिथे जुळत नाहीत तिथे बोट ठेवतो. हे बोट सव्वा वर्ष एकाच जागी आहे. इथल्या कायद्यात तुमच्यावर विसंबून असलेला कुणीही बसतो. समुद्रापलीकडच्या आमच्या शहरांत नातं तरी हवं, नाहीतर एक छप्पर तरी.

वरदाकाकूंच्या शुश्रूषेसाठी बेल्जियममधल्या यतीनला रजा हवीये, पण त्या त्याच्या नात्यात नाहीत. त्यांचं छप्परही एक नाही.

१०:३८

फोन. काकूच.

"काय गं, झालं का तुमचं ते पार्लमेंट?"

"पार्लमेंट नाही हो काकू. बारा वाजता कळेल."

"हॉस्पिटलवाली परत विचारत होती. चारपर्यंत सांगा म्हणे, नाहीतर उद्याची तारीख दुसऱ्याला देऊ. दे म्हटलं. मी काय, काठी टेकत टेकत जाईन आपली."

"काकू! चौदा महिने थांबलात तुम्ही या तारखेसाठी."

"मग पंधरावा."

खुब्याचं ऑपरेशन. फॉर्मवर एक रकाना आहे: पहिले दोन आठवडे घरी सोबत कोण? पहिला आठवडा मी. इथला कायदा मला वर्षाला एकच आठवडा देतो, आणि माझी बाकीची सुट्टी संपलीये. दुसऱ्या आठवड्याची रेघ कोरी आहे. डबे येतील, अख्खं वेस्ट ईलिंग डबे पाठवेल. पण बाथरूमपर्यंत धरून नेणारं कुणीतरी हवं, आणि काकू कुणालाही धरू देत नाहीत. यतीनला देतील.

यतीन त्यांच्या शेजारच्या घरात वाढला. आई शिफ्टवर, म्हणून शाळेतून सुटला की काकूंकडे. असं अकरा वर्षं. आता तो बेल्जियममधल्या एका नगरपालिकेत नोकरी करतो. त्याची सुट्टी बहिणीच्या लग्नात गेली. शुश्रूषा रजा मागितली तर तिथल्या रजेचं बघणाऱ्या लिसलोटबाईंनी विचारलं, ही बाई तुझी कोण? "काकू," तो म्हणाला. वडिलांच्या भावाची बायको? नाही. मग?

मग आपलं नवव्या मसुद्यातलं वाक्य. ते मंजूर झालं की त्याच दिवशी लागू, असं नऊही शहरांनी आधीच लिहून दिलंय.

हे मी लपवलेलं नाही. पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं: माझी एक काकू आहे, ती या वाक्यात बसते, तेव्हा माझ्यावर लक्ष ठेवा. सगळे हसले होते. पोलंडची रेनाटा सोडून.

१०:५५

यतीनचा मेसेज: "झाला काय?"

मी: "नाही. बारा."

यतीन: "माझा ट्रेन पुढच्या आठवड्याचा आहे. मी बुक करून ठेवला. कॅन्सल नाय होत. सांगून ठेवतो."

हे इथेच जन्मलेलं पोर. त्याच्या मराठीत ट्रेनसुद्धा पुरुष असते. पण अकरा वर्षं वरण-भात खाल्लाय याने त्या घरात.

११:००

शांत.

११:१०

शांत! अंशुमनने केळ्याची सालसुद्धा हळूच ठेवली.

११:२४

टिंग.

रेनाटा. विषय: हरकत.

मी वाचत नाही. मग वाचते. "विसंबून असणं सिद्ध कसं करायचं? आमच्याकडे अकरा हजार कर्मचारी आहेत. या वाक्याने उद्या प्रत्येकाला एकेक काकू फुटेल." काकू हा शब्द तिने रोमन लिपीत लिहिलाय. पहिल्या बैठकीपासून लक्षात ठेवलाय बाईने.

"थांब थांब थांब." अंशुमन खुर्चीतून उठलाय. "ब्रसेल्सला आत्ता किती वाजले?"

"बारा चोवीस."

"मग उशीर झाला की तिला! बारा वाजून गेले. गेली हरकत. मंजूर! मीनल, मंजूर!"

मी नोटीस उघडते. दुपारी १२ वाजता. पुढे काहीच नाही. कुठले बारा ते नाही. गेल्या वर्षी कार्यालय ब्रसेल्समध्ये होतं, तेव्हा तिथले बारा. यंदा ते ईलिंगला आलं आणि मी जुनी नोटीस उचलून फक्त तारीख बदलली.

"कुणी लिहिलं हे?" अंशुमन विचारतो.

"मी."

"मग तूच ठरव. देवाने दिलंय, घे."

खरंच दिलं होतं. छत्तीस मिनिटं आधीच आयतं जिंकून दिलं होतं. एक ओळ लिहायची: ब्रसेल्सच्या वेळेनुसार हरकत ग्राह्य नाही. उद्या काकू टेबलावर, पुढच्या आठवड्यात यतीन ट्रेनमध्ये. आणि परवा रेनाटा विचारणार की कार्यालय ईलिंगला, घड्याळ ब्रसेल्सचं, आणि काकू कुणाची?

असं वाक्य कुठलंच शहर पाळणार नाही. कागदावर राहील, आणि आतून प्रत्येक लिसलोट "ते घड्याळवालं" म्हणून बाजूला सारेल.

मी फोन उचलते.

११:२९

"रेनाटा, मीनल बोलतेय."

"मला वाटलंच," ती म्हणते. "आता सांग. बारा कुणाचे? तुमचे की आमचे?"

अंशुमन डोळ्यांनी गयावया करतोय.

"आमचे. लंडनचे. तुझी हरकत वेळेत आहे."

पलीकडे मग खुर्ची सरकल्याचा आवाज. बहुतेक दार लावलं तिने.

"बरं," रेनाटा म्हणते, पण वेगळ्याच आवाजात. "मग एकतीस मिनिटं आहेत. मला नाही म्हणायचं नाहीये, मीनल. मला फक्त सांग, कोण कुणावर विसंबून आहे हे ठरवणार कोण? रजा मागणारा? तो तर म्हणणारच."

ठरवणार कोण. कोण ठरवणार.

आणि मला अंशुमन आठवतो. इथे असलेला नव्हे, दोन वर्षांपूर्वीचा. पुण्याहून नुकताच आलेला, तापाने फणफणलेला. ग्रुपवर कुणीतरी टाकलं आणि एका दुपारी त्याच्या दारात तेरा जण, तेरा डबे, चार जणांची खिचडी. त्या दिवशी काकूंनी सगळ्यांना जिन्यावर थांबवलं, एकट्या आत गेल्या आणि त्याला विचारलं...

"अंशुमन, काकूंनी तुला काय विचारलं होतं? तापात?"

"काय? 'तुझ्या स्वयंपाकघरात कोण आलेलं चालेल? एकच नाव सांग.' असं."

"आणि तू?"

"समोरच्या नीनाताईचं सांगितलं. बाकीच्यांनी डबे दारात ठेवले आणि गेले. का?"

मी हे सगळं रेनाटाला इतक्या भरभर सांगते की मध्येच श्वास संपतो. काकूंची पद्धत. नवा आलेला असो, आजारी असो, विचारायचं त्यालाच. नाव एकच. वहीत लिहायचं. मदत करणाऱ्याने "मी जवळचा" म्हणायचं नाही. ज्याला मदत हवी त्याने सांगायचं.

"म्हणजे आजारी माणूस लिहून देणार," रेनाटा सावकाश म्हणते.

"स्वतःच्या हाताने. एकच नाव. वर्षातून एकदा."

"अकरा हजार काकू एकेकच नाव देणार."

"एकेकच!"

"लिही," रेनाटा म्हणते. "लिही, लिही, पटकन!"

११:४१

मसुदा दहावा:

"आजारी माणसाने स्वतः लेखी ज्या एका व्यक्तीचं नाव दिलं असेल, तिला नातं किंवा घर न पाहता शुश्रूषा रजा मिळेल."

बदललेल्या वाक्याला मौन चालत नाही. आता उलटं. आता प्रत्येकाने बोलायचं. नऊ वेळा हो, बारापर्यंत, आणि या वेळी मी ठळक अक्षरांत लिहिते: लंडनचे बारा.

बोला! आता बोला!

पोलंड: हो.

आमची कौन्सिल: हो.

पोर्तुगाल: हो, आणि एक उद्गारचिन्ह.

११:४९. आयर्लंड. स्लोव्हेनिया. दोन्ही एकाच टिंगमध्ये.

फिनलंड: हो. (पूर्णविरामसुद्धा नाही.)

इटली: "एकच नाव? आमच्याकडे भांडणं होतील. हो."

११:५५. डेन्मार्क. आठ!

बेल्जियम.

बेल्जियम?

तिथे एकला पाच कमी. लिसलोटबाई जेवायला गेल्या असणार. यतीन त्याच इमारतीत. त्याला एक मेसेज टाकला की तो कॅन्टीनपर्यंत पळत जाईल. मी टाइप करते: "तुझ्या साहेबीणबाईंना". पुसते. ज्याला रजा हवी त्याने हो आणायचं नाही. आत्ताच तर सांगितलंय मी हे फोनवर.

११:५७. अंशुमन उभा. मी उभी.

११:५८.

टिंग.

"हो. जेवण अर्धं टाकून लिहितेय. दाराबाहेर एक माणूस तिसऱ्यांदा अर्ज घेऊन उभा आहे, त्याला सांगा की आता मला फक्त एक कागद लागेल. लिसलोट."

अंशुमनने मारलेली किंकाळी खाली ड्रायक्लीनरने ऐकली. मीही किंचाळले असेन. रेनाटाला फोन लावला तर तीही काहीतरी पोलिशमध्ये ओरडत होती.

१:१५, काकूंचं स्वयंपाकघर

"विसंबून? मी?"

"काकू, फक्त एक नाव लिहायचंय."

"त्या कार्ट्यावर? त्याला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

"काकू, चार वाजायच्या आत हॉस्पिटलला..."

"मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना नाव विचारलं, मीनल. मला कुणी विचारलेलं नाही."

हे माझ्या नऊच काय, दहाही मसुद्यांत नव्हतं. कागद टेबलावर, पेन त्याच्यावर आडवं. काकू खिडकीकडे बघतायत. काठी खुर्चीला टेकलेली. नऊ देश हो म्हणाले आणि दहावी ही, हाताची घडी घालून बसलीये.

मग मला सुचतं. मी कागद बाजूला करते आणि फ्रिजवरची वही काढून त्यांच्यासमोर ठेवते. डब्यांची वही. डावीकडे आजारी, उजवीकडे एक नाव. मी खुर्ची ओढून समोर बसते आणि त्यांच्याच आवाजात विचारते.

"वरदाकाकू, तुमच्या स्वयंपाकघरात कोण आलेलं चालेल? एकच नाव सांगा."

काकू माझ्याकडे बघतात. मग हसू दाबतात, चष्मा लावतात.

डावीकडे लिहितात: वरदा.

उजवीकडे लिहितात: यतीन.

आणि खाली, कुणी न विचारता: दुसरा आठवडा. कुकरला हात लावायचा नाही.

"याचाच फोटो चालेल का तुझ्या त्या बेल्जियमच्या बाईला?"

"मराठीत आहे हो काकू."

"मग आण तो कागद. इंग्रजीत लिहिते. कुकरचं मात्र मराठीतच राहू दे."